आईचे जीन ‘बंद’ आहेत म्हणजे नेमकं काय बंद आहे?

पत्राचा गोषवारा : यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावातून २७ वर्षांच्या मुलाने लिहिलं आहे. आई ४८ वर्षांची. अंगावरून अवेळी रक्त जात होतं, तपासणीत गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग निघाला, टप्पा २-बी. नागपुरात शेक (रेडिएशन) आणि सोबत आठवड्याला एक सलाईन सुरू झालं. २५ पैकी ११ शेक झाले आणि आई पोळ्याला घरी आली, ती अशक्तपणामुळे परत गेलीच नाही. डॉक्टरांनी समजावताना सांगितलं होतं की, विषाणूची प्रथिनं शरीरातली रक्षण करणारी जनुकं बंद पाडतात. हे ऐकून मामांनी एका माणसाला घरी आणलं. तो ‘बंद जीन चालू करणारं’ चूर्ण देतो, तीन महिन्यांचे २१ हजार रुपये. शेकाने जीन जळतात, म्हणून शेक थांबवा, असंही तो सांगतो. मुलगा बी.एस्सी. झालेला. त्याची आणखी एक अडचण : रिपोर्टवर ‘पी१६ पॉझिटिव्ह’ लिहिलं आहे. पी१६ तर कर्करोग रोखणारं जनुक, मग ते चालू असताना रोग झाला कसा? शिवाय २२ वर्षांच्या बहिणीची सोयरीक जुळते आहे. दोष तिच्यातही उतरला असेल का, समोरच्यांना सांगावं का? घरात आईचं ताट-तांब्या वेगळा केला आहे.

उत्तर :

शेक थांबवू नका, आईला लगेच परत न्या, हे पत्र मिळालं त्याच दिवशी तुम्हाला कळवलं. त्याची कारणं इथे सविस्तर देतो, कारण या प्रश्नात तुम्ही एकटे नाही. ‘जीन बंद पडले’ हे वाक्य आता गावोगाव पोहोचलं आहे आणि त्याच्या मागोमाग ते चालू करून देणारेही पोहोचले आहेत.

तुमच्या पत्रात एक गोष्ट गृहीत धरलेली दिसते : जनुक म्हणजे घरातल्या दिव्याचं बटण. बंद झालं म्हणून अंधार झाला, चालू केलं की उजेड. चूर्णवाल्याचं सगळं बोलणं याच समजुतीवर उभं आहे. बटणापेक्षा विहिरीवरची मोटार डोळ्यांसमोर आणा. पऱ्हाटीच्या वावरात पाणी पोचलं नाही, तर त्याची कारणं वेगवेगळी असतात. स्टार्टरच्या पेटीलाच कोणी कुलूप घातलं असेल. किंवा मोटार व्यवस्थित चालू असेल, पाणीही उपसत असेल, पण मधेच कोणी पाइप फोडला असेल. दोन्हीकडे पीक वाळतं. पण पाइप फुटलेला असताना स्टार्टरवर हजारो रुपये खर्च करून काय उपयोग?

जनुक म्हणजे स्टार्टर आणि मोटार, आणि त्यातून बनणारं प्रथिन म्हणजे पाणी. पेशीचं काम प्रथिनं करतात. आता आईच्या गाठीत काय झालं ते पाहू.

गर्भाशयाच्या मुखाचा जवळजवळ प्रत्येक कर्करोग ह्यूमन पॅपिलोमा विषाणूच्या, म्हणजे एचपीव्हीच्या, वर्षानुवर्षं टिकलेल्या संसर्गातून होतो. हाराल्ड त्सुर हाउझेन या जर्मन शास्त्रज्ञांच्या गटाने १९८३ मध्ये एचपीव्ही-१६ आणि पुढच्या वर्षी एचपीव्ही-१८ या रोगाच्या गाठींत शोधून काढला. त्याबद्दल २००८ मध्ये त्यांना नोबेल मिळालं. या दोन प्रकारांमुळेच जगातले सुमारे ७० टक्के असे कर्करोग होतात. विषाणूची सगळी कुंडली जेमतेम ८ हजार अक्षरांची. तिच्यातली दोन प्रथिनं घातकी : ई६ आणि ई७. एरवी विषाणूचंच ई२ नावाचं प्रथिन या दोघांना आवरून धरतं. पण विषाणूचा डीएनए आपल्या पेशीच्या डीएनएत घुसतो, तेव्हा बऱ्याचदा तो नेमका ई२ च्या जागी तुटतो. मग ई६ आणि ई७ ला धरबंध राहत नाही.

ई६ चं भक्ष्य म्हणजे पी५३ हे प्रथिन. पेशीच्या डीएनएत बिघाड झाला की विभाजन थांबवायचं, बिघाड दुरुस्त होत नसेल तर पेशीला मरायला लावायचं, हे पी५३ चं काम. ई६ स्वतः त्याला मारत नाही. ते पेशीतल्याच दुसऱ्या एका प्रथिनाला हाताशी धरतं आणि पी५३ वर ‘मोडीत काढा’ अशी खूण लावून घेतं. अशी खूण लागलेलं प्रथिन पेशीची स्वतःची मोडतोड यंत्रणा तुकडे करून टाकते. इथे नीट लक्ष द्या : आईच्या गाठीतलं पी५३ चं जनुक बहुतेक धडधाकट आहे आणि चालूही आहे. प्रथिन बनतं आणि लगेच नष्ट होतं. हा फुटलेला पाइप आहे. चूर्णवाला जे जीन चालू करायला निघाला आहे, ते बंद नाहीच.

ई७ अवघं ९८ दुव्यांचं (अमिनो आम्लांचं) प्रथिन. ते ९२८ दुव्यांच्या आरबी या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्यालाही मोडीत पाठवतं. आरबी हा पेशीविभाजनाचा ब्रेक. तो गेला की विभाजनाची जनुकं मोकाट सुटतात.

तुमच्या रिपोर्टवरच्या ‘पी१६ पॉझिटिव्ह’चा उलगडा इथेच होतो. पी१६ म्हणजे ब्रेकवर दाबणारा पाय. एरवी पी१६ दाबतं आणि आरबीचा ब्रेक लागतो. ब्रेक नीट लागला की पी१६ ला जास्त बनायची गरज राहत नाही, आरबीच त्याला मर्यादेत ठेवतं. ई७ ने आरबी काढून टाकलं, म्हणजे ब्रेकची वायरच तोडली. आता पेशी घाबरून पाय दाबतेय, आणखी दाबतेय, पी१६ चा ढीग लागतोय, पण गाडी थांबत नाही. पॅथॉलॉजिस्ट काचेवर रंग लावून पाहतात तेव्हा गाठीचा सगळा पट्टा सलग तपकिरी दिसतो. तो पॉझिटिव्ह शेरा सांगतो की गाठीमागे हा विषाणू आहे. संरक्षण शाबूत आहे असा त्याचा अर्थ नव्हे, आणि रोग वाढला असाही नव्हे. तुम्ही वाचलेलं चूक नव्हतं, फक्त ते वायर शाबूत असलेल्या गाडीबद्दल होतं.

आता खरोखर कुलूप लागलेली जनुकं. तीही आईच्या गाठीत असू शकतात. डीएनएच्या अक्षरांपैकी ‘सी’ नंतर ‘जी’ येतो अशा जागी मिथाइलचा, म्हणजे एक कार्बन आणि तीन हायड्रोजनचा, छोटासा गट चिकटवता येतो. जनुकाच्या सुरुवातीला असे गट दाटीने बसले की जनुक वाचलंच जात नाही. हे गट चिकटवणारं एक विकर (एन्झाइम) आहे, डीएनएमटी-१. ई७ या विकराला जाऊन धरतं आणि त्याचा जोर वाढवतं. पी५३ एरवी याच विकराला दाबून ठेवतं, पण ई६ ने पी५३ चा काटा काढल्यामुळे विकरच जास्त बनू लागतं. म्हणजे एकाने कुलूप लावणाऱ्यांची संख्या वाढवली आणि दुसऱ्याने त्यांना कामाला जुंपलं. या मार्गाने पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारं ई-कॅडहेरिन कमी होतं. आजूबाजूच्या प्रतिकार पेशींना बोलावणारी काही जनुकंही गप्प होतात, त्यामुळे शरीराला गाठ उशिरा ‘दिसते’.

कुलूप टिकतं कसं, हेही समजून घ्या. पेशी दुभंगताना डीएनएची नवी प्रत निघते, तेव्हा डीएनएमटी-१ जुन्या प्रतीवर जिथे खुणा आहेत तिथेच नव्या प्रतीवर खुणा लावतं. म्हणून गाठीतल्या एका पेशीचं कुलूप तिच्या सगळ्या लेकी-नातींना मिळतं. पण फक्त त्या गाठीतल्या. आईच्या बीजांडात ते गेलेलं नाही, त्यामुळे तुमची बहीण हा सगळा प्रकार सुरू होण्याच्या आधी पोटात होती की नंतर, याने काहीच फरक पडत नाही. बहिणीच्या बाबतीतली भीती इथेच मिटते.

मग कुलूप उघडणारं औषध नाहीच का? आहे, आणि हे सांगायलाच हवं. नाहीतर उद्या तोच माणूस मोबाइलवर बातमी दाखवेल. ॲझासायटिडीन आणि डेसिटॅबीन ही औषधं डीएनएत शिरून कुलूप लावणाऱ्या विकराला अडकवून टाकतात. अमेरिकेत त्यांना २००४ आणि २००६ मध्ये मान्यता मिळाली, ती अस्थिमज्जेच्या काही आजारांसाठी. ही मुख्यतः इंजेक्शनं आहेत, रक्तातल्या पेशी धोकादायक पातळीपर्यंत खाली आणतात आणि सरसकट सगळीकडची कुलपं सैल करतात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या नेहमीच्या उपचारांत ती नाहीत. रक्ताच्या एका कर्करोगात तर दोन प्रथिनं चुकीची जोडली जाऊन जनुकं दाबून ठेवतात. तिथे अ-जीवनसत्त्वापासून बनलेलं औषध आणि आर्सेनिक ट्रायऑक्साइड ते जोड-प्रथिनच मोडून काढतात आणि बहुतेक रुग्ण बरे होतात. पण तिथे कोण दाबतंय हे नेमकं माहीत आहे, आणि मोजलेला डोस रुग्णालयात, वेळोवेळी हृदयाचा आलेख बघत दिला जातो. ‘आर्सेनिकने कॅन्सर बरा होतो’ एवढंच अर्धवट ऐकून कोणी पुडी बांधून देत असेल तर ते विष आहे.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट मात्र धीर देणारी आहे. १९५१ मध्ये हेन्रिएटा लॅक्स या अमेरिकन बाईंच्या अशाच गाठीतून घेतलेल्या पेशी आजही जगभर वाढवल्या जातात. त्यांच्यात एचपीव्ही-१८ आहे. त्यांच्यातलं ई६-ई७ थांबवलं की पी५३ आणि आरबी परत येतात आणि इतकी वर्षं वाढणाऱ्या पेशी वाढायच्या थांबतात. म्हणजे रक्षक मेलेले नसतात, दाबलेले असतात. हे काम रुग्णाच्या शरीरात करणारं नेहमीच्या वापरातलं औषध अजून आलेलं नाही. आज हातात आहे तो शेक, आणि तो या गाठीवर चांगला लागू पडतो.

‘शेकाने जीन जळतात’ हे वाक्य पुरतं खोटं नाही, म्हणूनच ते पटतं. शेक डीएनए तोडतोच, तेच त्याचं काम. फरक दुरुस्तीत पडतो. निरोगी पेशी रात्रीतून बरीच डागडुजी करून घेते. गाठीतली पेशी थांबायचं विसरलेली असते, ती तुटका डीएनए घेऊन दुभंगायला जाते आणि मरते. रोज थोडा-थोडा शेक देण्यामागे हेच कारण आहे. आणि मधे खंड पडला तर उरलेल्या पेशींना तेवढा वेळ वाढायला मिळतो.

आता दिवसांचं गणित, कारण तुमच्या घरात सध्या सगळ्यात महाग गोष्ट तीच आहे. बाहेरून २५ शेक, आठवड्याला पाच, म्हणजे पाच आठवडे. त्यानंतर आतून द्यायचा शेक, ब्रॅकीथेरपी. त्याच्या, रुग्णालयाप्रमाणे, दोन ते चार बैठका. हे सगळं पहिल्या शेकापासून ५६ दिवसांत, म्हणजे आठ आठवड्यांत, संपायला हवं. यापलीकडे लांबलेल्या प्रत्येक दिवसाने गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता कमी होते. आईच्या पहिल्या शेकाची तारीख फाइलवर आहे. ती कॅलेंडरवर लिहा आणि ५६ वा दिवस लाल पेनने गोल करा. परत गेल्यावर चुकलेले दिवस लपवू नका. शनिवारी शेक देऊन, किंवा एका दिवशी किमान सहा तासांच्या अंतराने दोन शेक देऊन भरपाई करता येते का, हे डॉक्टर ठरवतील. ‘रागावतील’ म्हणून न जाणारे पुष्कळ आहेत. रागावले तर ऐकून घ्या, पण जा.

दुसरी अडचण तुमच्यापुढे दोन आठवड्यांत येईल, म्हणून आत्ताच सांगून ठेवतो. शेकाने रक्त जाणं थांबतं. ‘बाई बरी झाली, आता आतला शेक कशाला?’ असं घरातूनच कोणीतरी म्हणेल. मुळावरचा खरा घाव आतला शेकच घालतो. तो गाठीला खेटून दिला जातो, त्यामुळे लघवीची पिशवी आणि मलाशय वाचवून गाठीला मोठा डोस देता येतो. तो सोडला तर अर्धी नांगरणी करून पेरल्यासारखं होतं.

आठवड्याचं सलाईन म्हणजे सिसप्लाटिन, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे साधारण ४० मिलिग्रॅम. ते शेकाचा असर वाढवतं आणि किडनीवाटे बाहेर पडतं. चूर्णाचा खरा धोका इथे आहे. अशा बेनामी पुड्यांमध्ये शिसं, पारा, आर्सेनिक सापडल्याची उदाहरणं नोंदलेली आहेत. किडनीला इजा झाली, क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारा रक्तातला घटक) चढलं की सिसप्लाटिन बंद करावं लागतं. म्हणजे २१ हजार देऊन तुम्ही चालू असलेलं औषध बंद पाडाल. आईने आधीच काही पुड्या घेतल्या असतील तर उरलेली पुडी सोबत न्या, डॉक्टरांना दाखवा, आणि पुढच्या सलाईनच्या आधी क्रिएटिनिन तपासायला सांगा. मामांशी भांडू नका. त्यांनी बहिणीच्या काळजीपोटीच माणूस आणला आहे. त्यांनाच आईसोबत नागपूरला पाठवा, डॉक्टरांशी बोलू द्या.

थकव्याकडे मात्र गंभीरपणे पाहा, कारण त्याच्यामुळेच आई घरी राहिली आहे. आधी हिमोग्लोबिन बघा. महिनोन्‌महिने रक्त गेलेल्या बाईचं ते खाली असणारच, आणि कमी रक्तावर शेकही नीट काम करत नाही. ते १० च्या आसपास राखायचा प्रयत्न करतात, गरज पडली तर रक्त चढवतात. जुलाब होत असतील तर ओआरएस, ताक-भात, मुगाची पातळ खिचडी. तिखट आणि तेलकट काही दिवस नको. पाणी दिवसाला दोन-अडीच लिटर, सलाईनच्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशी आवर्जून. कंबरेवर शेकासाठी आखलेल्या खुणा घासून धुऊ नयेत. ताप १००.४ च्या वर, लघवी कमी होणं, कानात सतत गुणगुण, पाणीही न टिकणारी उलटी, यांपैकी काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा.

खर्चाचं : महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कर्करोगाचा शेक आणि औषधं येतात. रेशन कार्ड आणि आधार घेऊन रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटा. रेल्वेत कर्करोगाच्या रुग्णाला उपचारासाठी जाता-येता सवलत असते, तिचा ठरावीक फॉर्म रुग्णालय भरून देतं. रोजची ये-जा आईला झेपणार नाही. नागपूरचं राष्ट्रसंत तुकडोजी कर्करोग रुग्णालय असो की सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय, तिथल्या समाजसेवा विभागात ‘राहायची सोय कुठे?’ हे पहिल्याच दिवशी विचारायचं.

ताट-तांब्या आजच एकत्र करा. हा विषाणू ताटातून, पाण्यातून, एका बाजेवर बसण्यातून पसरत नाही. बाहेरून शेक घेतलेल्या माणसाच्या अंगातून किरणंही निघत नाहीत. नातवंडाला ती मांडीवर घेऊ शकते.

विषाणू कोणी आणला, हा शोध सुरू झाला असेल तर तो तिथेच थांबवा. लैंगिक संबंध आलेल्या बहुतेक सगळ्या माणसांना आयुष्यात कधीतरी एचपीव्ही होऊन जातो. बहुतेकींमध्ये तो दोनेक वर्षांत आपोआप जातो, थोड्यांमध्ये टिकतो, आणि टिकल्यापासून कर्करोग व्हायला बहुधा १५ ते २० वर्षं लागतात. एवढ्या मागचं कोणीही सांगू शकत नाही. आईच्या चारित्र्याचा तर प्रश्नच येत नाही, आणि वडिलांना आरोपी करूनही हाती काही लागणार नाही.

सोयरिकीत आजार लपवू नये असं आमचं मत. आई दोन महिने नागपूरला आहे हे गावात लपत नाही, आणि नंतर कळलं तर बहिणीलाच ऐकून घ्यावं लागेल. पण सांगायचं किती, हे तुमच्या हातात आहे. ‘आईला गर्भपिशवीच्या तोंडाचा कॅन्सर आहे, उपचार सुरू आहेत, हा आजार आईकडून मुलीत उतरत नाही’ एवढं पुरे. विषाणूचा उल्लेख करायलाच हवा असं नाही. त्याने माहिती वाढत नाही, कुजबुज वाढते.

बहिणीने आत्ता कोणतीही जनुकीय चाचणी करू नये, तिचा काही उपयोग नाही. तिने एचपीव्हीची लस घ्यावी, शक्यतो लग्नाआधी. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची सर्व्हाव्हॅक १५ ते २६ वयात तीन डोसांत देतात : आज, दोन महिन्यांनी, सहा महिन्यांनी. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल तर सहा महिन्यांच्या अंतराने दोनच डोस. मोफत लस कोणत्या वयाला आणि कधी मिळते हे आशाताईंना विचारा. लस विषाणूला शिरू देत नाही, पण आधीच शिरलेल्याला काढत नाही. म्हणून वहिनी, काकू, मावशी अशा तिशीपुढच्या बायकांसाठी लसीपेक्षा तपासणी महत्त्वाची. सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयात दर पाच वर्षांनी ती करायची असते. गर्भाशयमुखावर ५ टक्के ॲसेटिक आम्ल लावून मिनिटभर थांबतात, बिघडलेला भाग पांढरा दिसतो. दुखत नाही, थोडी आग होते. पाळी गेलेल्या बाईत बघायचा भाग आत सरकलेला असतो, तिथे एचपीव्हीची डीएनए चाचणी जास्त भरवशाची.

वडील खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) खातात, असं पत्रात ओघात आलं आहे, तेही सोडत नाही. तोंडाच्या कर्करोगात जनुकं बंद पडायची तऱ्हा बरीच वेगळी : तिथे पी१६ ला अनेकदा खरोखरच कुलूप लागलेलं असतं किंवा ते जनुकच गळून गेलेलं असतं. तंबाखूतलं एनएनके हे रसायन डीएनएमटी-१ साचू देतं, आणि सुपारी गाल आतून आवळत नेते. वडिलांना आरशासमोर तोंड पूर्ण उघडून स्वतःची तीन बोटं उभी घालायला सांगा. जात नसतील, किंवा पांढरा-लाल चट्टा असेल, किंवा तीन आठवड्यांत न भरलेली जखम असेल, तर आईच्या पुढच्या फेरीला त्यांनाही सोबत न्या. त्याच आवारात त्यांचंही तोंड तपासून होईल.